गेम स्टुडिओ विकताना समोरच्या कंपनीची कामाची रीत कशी तपासायची

स्टुडिओ विकायचा विषय निघाला की दोन माणसं लगेच कामाला लागतात, सीए आणि वकील. किंमत, शेअर, कर, हमीपत्रं हे सगळं ते डोळ्यांत तेल घालून बघतात. पण आपल्या टीमला पुढची काही वर्षं ज्यांच्याबरोबर रोज काम करायचंय, त्यांची रीत आपल्याशी जुळते का, हे तपासायचं काम कुणाच्याच वाट्याला येत नाही. हा लेख तेवढ्यापुरताच आहे.

मी महापे एमआयडीसीतल्या एका मोबाइल गेम स्टुडिओत प्रोड्युसर होते. तो एका परदेशी कंपनीने घेतला तेव्हा टीमच्या बाजूने बोलायला मी बसत असे, आणि विक्रीनंतरही मी तिथेच राहिले. आता ठाण्यात घरी बसून छोट्या स्टुडिओंना अशा व्यवहारांची तयारी करून देते. त्यामुळे पुढचं सगळं ऐरोली, महापे, वागळे इस्टेट या भागात जसे स्टुडिओ आहेत, वीस-पंचवीसपासून साठेक माणसांचे, त्यांना समोर ठेवून लिहिलंय.

कल्चर म्हणजे ऑफिसातले बीनबॅग आणि भिंतीवरची वाक्यं, असं समजून कुणी तपासायला निघालं तर हाती काही लागणार नाही. मी एकच गोष्ट बघते. काम बिघडतं त्या दिवशी कुणाचं ऐकलं जातं? मीटिंगा किती होतात, मेल कशी लिहितात, रजा कशी मिळते, हे सगळं पुढे त्यातूनच ठरतं.

आधी आपलीच रीत कागदावर आणा

आपली रीत आपल्यालाही धड सांगता येत नाही, कारण ती कुठे लिहिलेली नसते. आमच्याकडे शुक्रवारी चार वाजता बिल्ड, म्हणजे गेमची नवी तयार आवृत्ती, बघायचा रिवाज होता. मीटिंग रूमच्या टेबलावर ट्रेभर फोन मांडलेले असायचे. बहुतेक दोन-तीन जीबी रॅमचे, काहींच्या काचा तडकलेल्या, कारण आमचे खेळाडू तसलेच फोन वापरायचे. फाउंडरपासून नव्याने लागलेल्या टेस्टरपर्यंत प्रत्येकाने एक फोन उचलायचा आणि खेळायला लागायचं. कुणीही "हे जाऊ नये" म्हटलं की बिल्ड थांबायचं. कारण द्यावं लागे, परवानगी घ्यावी लागत नसे. एकदा कळव्याहून येणाऱ्या एका टेस्टरच्या लक्षात आलं की खेळ चालू असताना कॉल आला आणि तो उचलला, तर परत आल्यावर लेव्हल पहिल्यापासून सुरू होते, पण नाणी कापलेली असतात. फाउंडरला अपडेट त्याच रात्री द्यायचं होतं. टेस्टरने बिल्ड थांबवलं आणि ते थांबलं.

विक्रीनंतर रिलीजचा निर्णय परदेशातल्या एका समितीकडे गेला. तिच्यापुढे एक फॉर्म जायचा. त्यात क्रॅशचं प्रमाण, पहिल्या आणि सातव्या दिवसाचं रिटेन्शन (किती खेळाडू परत आले), एका खेळाडूमागची कमाई असे रकाने होते. कुणी हरकत घेतली का, हे लिहायला जागा नव्हती. ती माणसं वाईट नव्हती. त्यांच्यापुढे एकाच बैठकीत अनेक गेम यायचे आणि प्रत्येक स्टुडिओचं वेगळं ऐकत बसायला त्यांना वेळ नव्हता. आमचा शुक्रवार कुणी काढून घेतला नाही, तो नुसता बंद पडला. पुढे त्या टेस्टरने बोलणं सोडलं, मग नोकरी सोडली. फोनांचा ट्रे कपाटात गेला.

म्हणून पहिलं काम हे. तुमच्याकडची अलीकडची तीन प्रकरणं घ्या: एक अपडेट जे नीट गेलं, एक जे फसलं, आणि एक गेम जो मध्येच सोडून दिला. प्रत्येक प्रकरणात सुचवलं कुणी, हरकत कुणी घेतली, निर्णय कुणी केला आणि किती दिवसांत, हे लिहा. हेच प्रश्न फाउंडरला, आर्ट लीडला आणि सगळ्यात ज्युनिअर माणसाला वेगवेगळं बसवून विचारा. तिघांची उत्तरं जुळणार नाहीत. ती जुळवायच्या भानगडीत पडू नका, तशीच ठेवा. शेवटी दोन-तीन पानांत येईल इतकं झालं पाहिजे. त्यातल्या कोणत्या दोन गोष्टी गेल्या तर आपला स्टुडिओ आपला राहणार नाही, हे टीमने मिळून ठरवायचं. दोनच. दहा मागितल्या तर समोरचा एकही मनावर घेत नाही.

समोरच्याचा पैसा कुठून येतो?

विकत घेणारा कसा वागेल हे त्याच्या कमाईच्या वाटेवरून बरंच कळतं. कन्सोल विकणाऱ्याला आपल्या मशिनवर गाजणारा गेम हवा असतो, तो त्यासाठी काही वर्षं थांबू शकतो. शेअर बाजारात असलेल्या पब्लिशरला दर तिमाहीला आकडे दाखवायचे असतात. मोबाइलवाल्याला रोजचा डॅशबोर्ड दिसतो, त्यामुळे तो निर्णयही रोजच्या रोज बदलतो. आणि काही कंपन्या स्टुडिओ गोळा करत जातात. त्यांची वाढ गेम विकण्यापेक्षा पुढचा स्टुडिओ घेण्यावर चालते.

झिंगा या अमेरिकी गेम कंपनीने मार्च २०१२ मध्ये न्यूयॉर्कचा ओएमजीपॉप हा स्टुडिओ घेतला. 'ड्रॉ समथिंग' हा चित्र काढून ओळखायचा गेम तेव्हा कोट्यवधी फोनांवर होता आणि किंमत १८ कोटी डॉलरच्या आसपास असल्याच्या बातम्या होत्या. जून २०१३ मध्ये झिंगाने ५२० लोकांना कमी केलं, त्यात ओएमजीपॉपचं न्यूयॉर्कचं ऑफिसही गेलं. दोष सगळा कल्चरचा नव्हता, त्या गेमची लाट फार लवकर ओसरली. पण एका हिटसाठी ज्याने तुम्हाला घेतलं, तो तुमची किंमत त्या हिटच्या आलेखावरच मोजणार, हे त्यातून उघड दिसतं. तुमच्याकडे विचारणा आली की पहिला प्रश्न हा विचारा: तुम्ही आमचा गेम घेताय की आमची टीम? उत्तर "दोन्ही" असं आलं तर पुढचा प्रश्न तयार ठेवा: हा गेम सहा महिन्यांत पडला तर टीम काय करेल?

दुसरा प्रश्न आकड्याचा. जपानच्या स्क्वेअर एनिक्सने २००९ मध्ये ब्रिटनची आयडॉस ८.४३ कोटी पाउंडांना घेतली आणि तिच्याबरोबर 'टूम रेडर' बनवणारी क्रिस्टल डायनॅमिक्स आली. मार्च २०१३ मध्ये नवा 'टूम रेडर' आला, काही आठवड्यांत ३४ लाख प्रती खपल्या, समीक्षकांनीही उचलून धरला. तरी मालक कंपनीने विक्री अपेक्षेपेक्षा कमी असल्याचं जाहीर केलं. बनवणाऱ्यांच्या लेखी जे यश, ते मालकाच्या वहीत तूट. पुढे २०२२ मध्ये क्रिस्टल डायनॅमिक्स, आयडॉस मॉन्ट्रियल आणि बाकी काही मिळून ३० कोटी डॉलरना एम्ब्रेसरला विकले गेले. तेव्हा "चांगला परफॉर्मन्स" अशा मोघम शब्दावर मान डोलवू नका. कोणता आकडा आला तर तुम्ही खूश, कोणता आला तर नाराज, हे लेखी मागा. आकडा सांगायला टाळाटाळ झाली तर तीही नोंदवून ठेवा.

एम्ब्रेसरचं उदाहरण वेगळ्या कारणासाठी ध्यानात ठेवावं. ही स्वीडनची कंपनी घेतलेल्या स्टुडिओंच्या कामात फार ढवळाढवळ करत नसे, आणि म्हणून अनेकांना ती आवडायची. मे २०२३ मध्ये जवळपास २ अब्ज डॉलरचा तिचा एक मोठा करार फिसकटला. जूनमध्ये फेररचना जाहीर झाली आणि ऑगस्टमध्ये 'सेंट्स रो' बनवणारा व्होलिशन बंद झाला. २०२१ मध्ये एक अब्ज डॉलरहून अधिकच्या बोलीने घेतलेली गिअरबॉक्स २०२४ मध्ये टेक-टूला ४६ कोटी डॉलरना गेली. मोकळीक मिळतेय याचा अर्थ आपण सुरक्षित आहोत असा होत नाही. मालकाची गंगाजळी किती, त्याच्यावर कर्ज किती, हेही कल्चरच्याच तपासणीत धरा. पैशाची तंगी आली की मोकळीक देणारा मालकही त्याच आठवड्यात हिशेब मागतो.

उलट बाजूही आहे. हेलसिंकीच्या सुपरसेलमध्ये छोट्या टीमा स्वतःचा गेम स्वतःच बंद करायचा निर्णय घेतात, ही तिची ओळख. २०१३ मध्ये जपानच्या सॉफ्टबँक आणि गंगहो, मग २०१६ मध्ये चीनच्या टेन्सेंटच्या पुढाकाराने ८.६ अब्ज डॉलरना ८४.३ टक्के हिस्सा, असे मालक बदलले. कंपनी हेलसिंकीतच राहिली, इल्का पाननेनच प्रमुख राहिले आणि कामाची रीतही तीच. हे दोनदा साधलं, कारण कारभार स्वतंत्र राहील हे आधी ठरलं होतं आणि सुपरसेल भरपूर कमावत होती. दुसरं कारण पहिल्याइतकंच महत्त्वाचं आहे. कमाई नसताना स्वातंत्र्याचं कलम किती टिकेल, हा प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारा.

आधी घेतलेल्यांचं पुढे काय झालं?

समोरच्याने याआधी कोणकोणते स्टुडिओ घेतले याची यादी करा, आणि प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा: फाउंडर किती दिवस टिकले, विक्रीनंतर नवा गेम आला का, आणि आला असेल तर त्याच्या श्रेयनामावलीत जुनी नावं किती. शेवटचं काम कंटाळवाणं आहे, पण मला सगळ्यात जास्त तेच सांगून जातं. दोन गेमच्या शेवटच्या नावांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवल्या की कोण राहिलं, कोण गेलं ते दिसतं. त्यात मुलाखती नाहीत, जाहिरात नाही.

एकाच खरेदीतही दोन वेगळी नशिबं निघतात. ईए या अमेरिकी पब्लिशरने २००७ मध्ये बायोवेअर आणि पँडेमिक हे दोन स्टुडिओ एकत्र घ्यायचं ठरवलं, व्यवहार २००८ च्या सुरुवातीला पुरा झाला. पँडेमिक नोव्हेंबर २००९ मध्ये बंद. बायोवेअरने मात्र त्यानंतर 'मास इफेक्ट'चे पुढचे भाग काढले. त्यामुळे कंपनीचं एकूण नाव बघून थांबू नका, तुमच्या आकाराच्या आणि तुमच्यासारखं काम करणाऱ्या स्टुडिओचं काय झालं ते शोधा. आणि एका चांगल्या वर्षावर विसंबू नका. टँगो गेमवर्क्स मायक्रोसॉफ्टकडे तिच्या मालक कंपनीच्या, झेनिमॅक्सच्या, ७.५ अब्ज डॉलरच्या खरेदीतून आली. जानेवारी २०२३ मध्ये तिचा 'हाय-फाय रश' आला, लोकांनी डोक्यावर घेतला. मे २०२४ मध्ये स्टुडिओ बंद करायचा निर्णय जाहीर झाला.

यादीतल्या स्टुडिओंमधून बाहेर पडलेल्या माणसांशी बोला. लिंक्डइनवर सापडतात, आणि सभ्यपणे विचारलं तर बरेच जण बोलतात. फाउंडरशी बोलून फारसं कळत नाही. त्यांचे पैसे अडकलेले असतात, बोलण्यावर करारांची बंधनं असतात. क्यूए (चाचणी) लीड, मधल्या फळीतला प्रोड्युसर, एखादी सीनिअर आर्टिस्ट यांच्याकडे जा. "कल्चर कसं होतं?" असं विचारलं तर "चांगलं होतं" एवढंच येईल. असं विचारा: शेवटची तारीख चुकली तेव्हा पहिला फोन कुणी केला, आणि पहिलं वाक्य काय होतं? तुमचा पगार कुणी ठरवला? नोकरीवर घ्यायच्या माणसाला "नको" म्हणायचा हक्क टीमकडे राहिला का? विक्रीनंतर कुठलं सॉफ्टवेअर बदललं, आणि कामाच्या मध्यात बदललं की माइलस्टोन, म्हणजे कामाचा ठरलेला टप्पा, संपल्यावर? हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो. पण ज्या कंपनीने ऐन रिलीजच्या तोंडावर टीमला कोड आणि फायली सांभाळायच्या एका सॉफ्टवेअरवरून दुसऱ्यावर, गिटवरून परफोर्सवर हलवलं, तिने पुढेही कुणाला विचारून काही केलेलं नसतं.

सहीआधी एक काम एकत्र करा

शक्य असेल तर विक्रीच्या बोलण्यांना धरूनच एक छोटं सशुल्क काम मागा. एक माइलस्टोन, दोन-तीन महिन्यांचं, त्यांच्या माणसांबरोबर. त्यात एक तारीख मुद्दाम अवघड ठेवा आणि ती हुकणार असं दिसलं की लगेच सांगून बघा. तुम्ही आधी सांगितलंत म्हणून त्यांना बरं वाटतं, की तुमच्यावर नजर ठेवायला एक माणूस नेमला जातो? पन्नास पानांच्या ड्यू डिलिजन्समध्ये (खरेदीआधीच्या छाननीत) जे सापडत नाही ते त्या एका मेलच्या उत्तरात सापडतं.

सोनीने इन्सोम्नियाक ऑगस्ट २०१९ मध्ये २२.९ कोटी डॉलरना घ्यायचं ठरवलं. त्याआधी दोन दशकं ते एकत्र काम करत होते, १९९८ च्या 'स्पायरो'पासून २०१८ च्या 'स्पायडर-मॅन'पर्यंत. एकमेकांच्या तारखा, भांडणं, शब्द पाळणं, सगळं अनुभवाचं होतं. त्यानेही सगळं टळत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सोनीने जगभरात सुमारे ९०० जणांना कमी केलं, त्यात इन्सोम्नियाकचेही लोक होते. पण रीत न जुळल्यामुळे स्टुडिओ मोडला असं तिथे झालं नाही.

घड्याळ, सुट्ट्या, घरी जायची वेळ

हे मुद्दे किरकोळ समजून शेवटी टाकले जातात आणि टीम सगळ्यात आधी इथेच तुटते.

मालक कॅलिफोर्नियाचा असेल तर त्यांची सकाळी नऊची मीटिंग उन्हाळ्यात आपल्याकडे रात्री साडेनऊला असते. नोव्हेंबरात त्यांचं घड्याळ तासभर मागे जातं आणि तीच मीटिंग साडेदहाला येते. घणसोलीहून ठाण्याला येऊन पुढे बदलापूरची गाडी पकडणाऱ्या माणसासाठी त्या एका तासाचा अर्थ फार मोठा आहे. कोरियन कंपनी असेल तर उलट, त्यांचे सकाळचे दहा म्हणजे आपले साडेसहा. स्वीडन असेल तर दुपारनंतरचा वेळ छान जुळतो. रात्रीच्या कॉलबाबत महाराष्ट्राच्या दुकाने आणि आस्थापना कायद्याचाही संबंध येतो. रात्री साडेनऊनंतर महिलांकडून काम घ्यायचं तर त्यांची संमती हवी, सुरक्षेची आणि घरी पोचवण्याची व्यवस्था हवी. तुमच्या आस्थापनेला तो कसा लागू होतो हे वकिलाकडून लेखी घ्या, आणि गाडीचा खर्च कोण देणार हे करारातच लिहा. आठवड्यातून किती रात्री, कोण बसणार, दुसऱ्या दिवशी उशिरा यायची मुभा आहे का, हेही.

गणपतीचं तसंच. आमच्याकडे अर्धी टीम कोकणातली. गणपतीत रत्नागिरी-सिंधुदुर्गला जाणं हा रजेचा अर्ज करून मंजुरीची वाट बघायचा विषयच नव्हता, ते वर्षाच्या सुरुवातीलाच धरलेलं असायचं आणि माइलस्टोन त्याभोवती आखले जायचे. नव्या मालकाच्या कॅलेंडरवर ते दिवस रिकामे दिसतात, आणि ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे त्यांच्याकडे वर्षअखेरच्या रिलीजची धांदल. पुढच्या दोन वर्षांच्या गणपती, दिवाळीच्या तारखा काढून कराराला जोडा. जुलैतल्या पावसाच्या दिवसांसाठी घरून काम करायची सोयही तिथेच लिहा, रुळांवर पाणी आल्यावर परवानगीची मेल पाठवायची वेळ यायला नको.

आणखी एक. परदेशी माणसांच्या मीटिंगमध्ये आपली बरीच हुशार मुलं तोंडावर नकार देत नाहीत. त्यांनी मान हलवली की पलीकडे ते वचन म्हणून नोंदलं जातं, आणि तीन आठवड्यांनी "तुम्हीच कबूल केलं होतं" असं ऐकावं लागतं. मुलांना "स्पष्ट बोला" म्हणून काही होत नाही. नियम असा करून घ्या की कोणतीही तारीख मीटिंगमध्ये पक्की धरायची नाही, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लेखी आल्यावरच धरायची. मी ज्या ज्या व्यवहारात हे कलम घालायला लावलं, तिथे समोरच्यांनी खळखळ न करता मान्य केलं. त्यांनाही खरी तारीखच हवी असते.

अर्न-आउट

सगळी किंमत एकरकमी मिळत नाही. काही भाग पुढच्या दोन-तीन वर्षांच्या आकड्यांवर बांधलेला असतो, त्यालाच अर्न-आउट म्हणतात. बंगळुरूच्या प्लेसिंपलला स्वीडनच्या एमटीजीने २०२१ मध्ये घेतलं तेव्हा ३६ कोटी डॉलर आधी आणि १५ कोटी डॉलरपर्यंत पुढच्या कामगिरीवर, अशी रचना होती. व्यवहार म्हणून यात गैर काही नाही. पण अर्न-आउट कोणत्या आकड्यावर बांधलाय, त्यावर उद्यापासून स्टुडिओत कुणाचा आवाज चालणार हे ठरतं. तो फक्त महसुलावर असेल तर फाउंडरचं सगळं लक्ष चालू गेममधून जास्तीत जास्त काढण्यावर जातं. नवा गेम सुचवणारी डिझायनर मागे पडते, "आत्ता नको" म्हणणारा टेस्टर तर फाउंडरच्या थेट खिशाच्या आड येतो. ज्या माणसाने काल त्याचं ऐकून बिल्ड थांबवलं असतं तोच आज ऐकत नाही, आणि यात त्याचा स्वभाव बदललेला नसतो, गणित बदललेलं असतं.

अर्न-आउटचा काही भाग टीम टिकण्यावर आणि ठरलेल्या दर्जाच्या रिलीजवर बांधून मागा. मार्केटिंगचा खर्च मालकाच्या हातात असेल तर महसुलाचं लक्ष्यही त्याच प्रमाणात हलेल असं लिहा, नाहीतर जाहिरात त्यांनी थांबवायची आणि पैसे तुमचे कापले जायचे. अर्न-आउटमधला वाटा टीमला किती, हे टीमला सहीआधी सांगा. फाउंडरना एक वेगळी सूचना. आपल्या करार कायद्याच्या कलम २७ मुळे नोकरी सोडलेल्या माणसावर लादलेली स्पर्धाबंदी सहसा टिकत नाही. पण धंद्याची पत (गुडविल) विकणाऱ्यावर घातलेली वाजवी बंदी टिकते. म्हणजे रीत जुळली नाही तर तुमची टीम पलीकडच्या इमारतीत नोकरी धरू शकते, तुम्ही अडकून राहता.

नावं आणि फ्रीलान्सर

श्रेयनामावलीचा नियम विचारा. गेम यायच्या आधी सोडून गेलेल्याचं नाव काही कंपन्या गाळतात. हे तुमच्याकडे होत नसेल तर ते लिहून घ्या. फ्रीलान्स आर्टिस्टकडून घेतलेल्या कामाचे कागदही याच वेळी काढा. कॉपीराइट कायद्यात हस्तांतराची मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. जुन्या एका पानाच्या करारांत या दोन्ही गोष्टी बहुतेक वेळा नसतातच. त्या आर्टिस्टकडे आत्ता, पैसे देऊन, मान ठेवून जा. मोठ्या कंपनीचा वकील त्यांच्याकडे पोचला की बोलण्याचा सूर वेगळा असतो.

स्वातंत्र्याचं कलम कसं लिहायचं

"स्टुडिओ स्वतंत्रपणे काम करील" या वाक्याला कागदावर काही वजन नाही. सोनीने जानेवारी २०२२ मध्ये ३.६ अब्ज डॉलरना बंगी घ्यायचं जाहीर केलं तेव्हा स्वातंत्र्याची ग्वाही सगळ्यांसमोर दिली गेली होती, आणि सुमारे १.२ अब्ज डॉलर तर लोक टिकावेत म्हणून बाजूला ठेवले होते. जुलै २०२४ मध्ये बंगीने २२० जणांना काढलं आणि आणखी सुमारे १५५ जणांना सोनीत सामावून घ्यायचं ठरलं. पैसे कमी पडले की स्वातंत्र्याचा अर्थ मालक लावतो.

म्हणून कलमात क्रियापदं आणि माणसं असू द्या. बिल्ड थांबवायचा अधिकार कुणाला. नेमणुकीवर शेवटचा शब्द कुणाचा. किती रकमेपर्यंतचा खर्च न विचारता. कोणत्या फोनांवर चाचणी झाल्याशिवाय रिलीज नाही. आणि कोणता आकडा घसरला की हे अधिकार आटतील, किती काळासाठी, ते परत कसे मिळतील. शेवटचा भाग लिहायला फाउंडर कचरतात, अशुभ बोलल्यासारखं वाटतं. मला तोच सगळ्यात गरजेचा वाटतो. वाईट दिवसाचे नियम चांगल्या दिवशी ठरलेले असतील तर त्या दिवशी निदान आरडाओरडा होत नाही.

विक्री पक्की झाल्याची बातमी टीमला तुमच्याकडून कळली पाहिजे, व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या लिंकवरून नव्हे. सही झाली त्याच दिवशी, सगळ्यांना एकत्र, आणि प्रत्येकाच्या हातात नोकरीच्या सलगतेचं पत्र. शेअर विकले गेले असतील तर मालक कंपनी बदलली तरी नोकरी त्याच कंपनीत राहते. धंदाच दुसऱ्या कंपनीत हलवला असेल तर नवी नेमणूकपत्रं येतात, तेव्हा ग्रॅच्युइटीसाठी जुनी वर्षं धरली आहेत का हे प्रत्येकाच्या पत्रात वाचून बघा.

पुन्हा विकलं किंवा बंद केलं तर

ज्याच्याशी रीत जुळवली तोच मालक कायम राहील असं नसतं. मुंबईची इंडियागेम्स आधी बीजिंगच्या टॉम ऑनलाइनकडे, मग यूटीव्हीकडे आणि यूटीव्हीबरोबर २०१२ मध्ये डिस्नेकडे गेली. बंगळुरूची ध्रुवा १९९७ पासूनची, स्वीडनच्या स्टारब्रीझने तिच्यातला मोठा हिस्सा घेतला. २०१८ च्या शेवटी स्टारब्रीझच आर्थिक अडचणीत सापडली आणि मे २०१९ मध्ये ध्रुवा ७९ लाख डॉलरना रॉकस्टारकडे गेली. ध्रुवाच्या लोकांनी काम वाईट केलं म्हणून हे घडलं नाही.

बंद पडलेलाही उभा राहतो, पण कुणीतरी वेळेत उचलला तर. डिस्नेने २०१६ मध्ये बंद केलेला अॅव्हलांच पुढच्या वर्षी वॉर्नरने उघडला आणि २०२३ मध्ये त्याच स्टुडिओने 'हॉगवर्ट्स लेगसी' दिला. टँगोला ऑगस्ट २०२४ मध्ये क्राफ्टनने 'हाय-फाय रश'सकट घेतलं. आयओ इंटरॅक्टिव्ह २०१७ मध्ये स्क्वेअर एनिक्सपासून वेगळी झाली तेव्हा 'हिटमॅन'चे हक्क बरोबर घेऊन गेली, म्हणून तिला पुढे काही करता आलं.

तेव्हा हे कलम आग्रहाने मागा. स्टुडिओ विकायचा किंवा बंद करायचा ठरला तर आधी मूळ फाउंडर आणि टीमला विचारायचं, उत्तर द्यायला ठरलेली मुदत द्यायची, आणि किंमत कोण ठरवणार तो त्रयस्थ आत्ताच नेमून ठेवायचा. बरोबर काय काय परत येईल याची यादी परिशिष्टात जोडा: गेमचं आणि स्टुडिओचं नाव, सोर्स कोड, मूळ आर्ट फायली, तुम्ही बनवलेली टूल्स. प्ले स्टोअरवरचं अॅप एका डेव्हलपर खात्यातून दुसऱ्यात हलवता येतं, डाउनलोड आणि रेटिंगही बरोबर येतात. पण सर्व्हर, खेळाडूंचा डेटा, अॅनालिटिक्सची खाती आणि डोमेन आपोआप येत नाहीत. ती प्रत्येक कुणाच्या नावावर आहेत हे सहीच्या आदल्या आठवड्यात तपासून यादीत टाका.